संकेतस्थळाचे नाव व त्याचे अंत्यपद

एखाद्या तालुक्याच्या गावी पन्नास वर्षे चालत आलेले एक सार्वजनिक वाचनालय आहे, असे आपण समजू. त्याचे नाव ‘ज्ञानदीप’. ग्रंथांची सूची व वाचनालयाच्या वेळा लोकांना घरबसल्या पाहता याव्यात म्हणून संकेतस्थळ काढावे, असा ठराव कार्यकारी मंडळ संमत करते. चिटणीस नावाची नोंदणी करावयास बसतात, तो ‘ज्ञानदीप डॉट कॉम’ हे नाव पूर्वीच कोणी तरी घेतलेले आढळते. ‘डॉट ऑर्ग’ आणि ‘डॉट इन’ यांचीही तीच कथा. नोंदणी करून देणारी कंपनी मात्र लगेच दहा-वीस निराळी अंत्यपदे पुढे करते; त्यांतील काही फारच स्वस्त असतात. आता मंडळाने काय करावे?

प्रश्न लहान दिसतो. परंतु एकदा घेतलेले नाव पावतीपुस्तकावर छापले जाते, फलकावर रंगवले जाते आणि मुलांच्या तोंडी बसते. म्हणून उत्तर देण्यापूर्वी अंत्यपद म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे.

नावांची उतरंड

महाजालातील प्रत्येक संगणकाला अंकांनी बनलेला पत्ता असतो. आकडे ध्यानात ठेवणे माणसाला कठीण, म्हणून त्यांना नावे दिली गेली. आरंभी ही सर्व नावे एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ती यादी ठेवलेली असे आणि इतर संगणक तिची प्रत मागवून घेत. संगणक वाढू लागले, तशी ही यादी आवरेनाशी झाली. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने नवी योजना मांडली. तिच्यात एका यादीचे काम अनेक कार्यालयांत वाटून दिले होते.

टपालखाते पाकिटावरील पत्ता खालून वर पाहते: आधी राज्य व जिल्हा, मग गाव, शेवटी माणूस. संगणकही नाव असेच अखेरीकडून वाचतो. ‘कॉम’ची नोंदवही कोणाकडे आहे, हे तो प्रथम विचारतो, मग त्या वहीच्या आधारे हवे ते नाव शोधतो. ‘कॉम’च्या वहीतील ‘ज्ञानदीप’ आणि ‘इन’च्या वहीतील ‘ज्ञानदीप’ यांचा परस्परांशी काही संबंध असतोच, असे नाही. दोन गावांतील दोन रामभाऊ असावेत, तसे ते होत.

व्यापारासाठी ‘कॉम’, शिक्षणासाठी ‘एज्यु’, इतर संस्थांसाठी ‘ऑर्ग’ अशी विभागणी १९८४ साली ठरली. ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे ‘कॉम’मधील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. पुढे ‘कॉम’ व ‘ऑर्ग’ कोणालाही मिळू लागले आणि सोपी, सुटसुटीत नावे त्यांत भराभर संपली.

दोन अक्षरांमागील देश

दोन रोमन अक्षरांची अंत्यपदे मात्र देशांना व प्रदेशांना दिलेली आहेत. ‘टीव्ही’ हे अंत्यपद दूरचित्रवाणीचे वाटते. वस्तुतः ते प्रशांत महासागरातील तुवालू या चिमुकल्या बेटराष्ट्राचे आहे आणि त्याच्या विक्रीतून त्या राष्ट्राला मोठे उत्पन्न मिळाले. ‘को’ हे ‘कंपनी’चे संक्षिप्त रूप भासते; ते कोलंबियाचे आहे. ‘एआय’ हे कॅरिबियन समुद्रातील अँग्विला बेटाचे आहे.

मोकळी असलेली अशी अंत्यपदे मोह पाडतात. परंतु ज्याची वही त्याचा नियम, आणि देशाचे भवितव्य बदलले की वहीचेही बदलते. युगोस्लाव्हियाचे विघटन झाल्यावर त्याचे ‘वाययू’ हे अंत्यपद काही वर्षे चालू राहिले. ३० मार्च २०१० रोजी ते कायमचे बंद झाले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ‘ईयू’ हे अंत्यपद घेतलेल्या, केवळ ब्रिटनमध्येच ठिकाण असलेल्या संस्थांचा हक्क संपला व १ जानेवारी २०२१ पासून त्यांची नावे निलंबित झाली. या लोकांनी शुल्क चुकवले नव्हते की नियम मोडला नव्हता. त्यांच्या पायाखालची वहीच सरकली होती.

उच्चार एक, अक्षरे अनेक

भारतीय भाषांतील नावांना आणखी एक अडचण येते. ‘ज्ञान’ हा शब्द रोमन लिपीत मराठी माणूस ‘डीएनवाय’ने आरंभतो, हिंदी भाषक ‘जीवाय’ने, तर दक्षिणेत ‘जेएन’ किंवा ‘जीएन’ लिहिण्याचा प्रघात आहे. म्हणून नाव ठरवण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करावा. ते नाव एकदाच मोठ्याने उच्चारावे व दहा विद्यार्थ्यांना रोमन लिपीत लिहावयास सांगावे. दहांपैकी पाच जणांनी निराळे लिहिले, तर अंत्यपद कितीही चांगले मिळाले तरी ते नाव निरुपयोगी समजावे.

दुसऱ्याच्या नावात एखादे अक्षर वाढवून ते घेणे हाही उपाय नव्हे. रोमन लिपीत ‘सिफी’ आणि एक ‘एफ’ जादा असलेले ‘सिफ्फी’ या नावांचा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. संकेतस्थळाच्या नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय न्यायालयाने २००४ साली दिला आणि जादा अक्षर वापरणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध कौल गेला.

भारतातील वाटा

भारताचे ‘इन’ हे अंत्यपद २००५ सालापासून सर्वांना खुले झाले. त्याच्या पोटात आणखी विभाग आहेत. ‘एसी डॉट इन’, ‘एज्यु डॉट इन’ व ‘रेस डॉट इन’ हे शिक्षण व संशोधन संस्थांसाठी राखून ठेवलेले आहेत. तेथे पात्रता सिद्ध करावी लागते, म्हणून तेथील नावावर वाचकाचा विश्वास बसतो. याच विचाराने रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’मध्ये येण्यास सांगितले होते. जी शाळा राखीव विभागास पात्र आहे, तिने इतरत्र पाहू नये. विनानफा संस्थांसाठी योजिलेला ‘ऑर्ग डॉट इन’ हा विभाग सर्वांस खुला आहे.

देवनागरी लिपीतील ‘भारत’ हे अंत्यपद २०१४ साली सुरू झाले. त्यात मराठी नाव मराठी अक्षरांत नोंदता येते. परंतु सर्वांच्या यंत्रांवर देवनागरी टंकलेखनाची सवय असते असे नाही. यास्तव ते रोमन नावाच्या जोडीने घेणे इष्ट.

नाव आपले राहावे म्हणून

नाव विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीने, बहुधा वर्षाच्या हिशेबाने, भाड्याने मिळते. मुदत टळली व सवलतीचे दिवसही गेले, म्हणजे ते कोणीही घेऊ शकतो. मुले ज्या नावाने शाळेची वेळापत्रके पाहत होती, त्याच नावाखाली उद्या जुगाराच्या जाहिराती दिसू शकतात. म्हणून नोंदणी संस्थेच्याच नावे असावी. ती एखाद्या उत्साही स्वयंसेवकाच्या नावे केली आणि तो गाव सोडून गेला, तर संस्थेचे दार परक्याच्या किल्लीने बंद होते.

आता आपल्या वाचनालयाकडे वळू. ‘ज्ञानदीप डॉट कॉम’ उघडून पाहता तेथे दुसऱ्या एका प्रांतातील शिकवणी-वर्ग चालू असल्याचे दिसले. नुसते अंत्यपद बदलले असते, तर वाचक चुकून तेथेच गेले असते. तेव्हा मंडळाने नावच बदलले: गावाचे नाव व त्यापुढे ‘वाचनालय’, आणि अंत्यपद ‘ऑर्ग डॉट इन’. नाव थोडे लांबले. पण ऐकणाऱ्याला ते लिहिता येते आणि त्यावरून संस्था कोठली व कशाची, हे कळते. नूतनीकरणाची तारीख चिटणिसांनी सभावृत्ताच्या वहीत, दर वर्षी वार्षिक सभेपुढे वाचली जाईल अशा जागी, लिहून ठेवली. एवढी काळजी घेतली, म्हणजे हवे ते नाव न मिळाल्याचा खेद करण्याचे कारण उरत नाही.