किन्नेरेतच्या काठी बेचाळीस किलोमीटर



आपल्या समाजात पळणाऱ्या माणसाकडे दोनच दृष्टींनी पाहिले जाते. बस सुटत असेल तर तो शहाणा, आणि बस नसताना पळत असेल तर वेडा. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, ९८ किलो वजनाचा गृहस्थ पहाटेच्या अंधारात अश्दोदच्या किनाऱ्यावरून धापा टाकीत जाताना दिसला, तर त्यास कोणत्या सदरात घालावे, हा प्रश्न शेजाऱ्यांना पडणे साहजिक आहे. आमच्या मातोश्रींनी तर पहिल्याच दिवशी विचारले, "अरे, कोण लागलंय तुझ्या पाठीस?" त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. खरे उत्तर येथे देत आहोत.

आमचे वडील वयाच्या ५८व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. अंगाने ते आमच्यासारखेच होते, आणि कष्टाळूही तितकेच. २०१७ साली रक्ततपासणीत आमच्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.३ निघाला, ६.५ झाला की त्यास मधुमेह म्हणतात. आम्ही डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "आमचे काम बैठे नाही. बंदरात विजेच्या दुरुस्तीसाठी दिवसभर शिड्या चढतो, उतरतो." त्यांनी शांतपणे सांगितले, की भारतीय वंशाच्या लोकांना मधुमेह इतरांहून कमी वयात आणि कमी वजनावर गाठतो, आणि कष्टाच्या कामामुळे या धोक्यातून सुटका होतेच असे नाही. पाठीस कोण लागले होते, हे वाचकांच्या ध्यानी आले असेलच.

सुरुवात चालण्यापासून झाली. मग एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे यांनी पळण्याच्या मध्ये ठरवून चालण्याची ही रीत लोकप्रिय केली, आणि जड अंगाच्या माणसास ती वरदान आहे. पळताना प्रत्येक पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. तेव्हा ९८ किलोच्या माणसाने पहिल्याच आठवड्यात शौर्य दाखवू नये. आम्ही ते दाखविले आणि तीन आठवडे नडगी धरून घरी बसलो.

वर्षभरात अर्धी मॅरेथॉन पार पडली. त्यानंतर कन्येने, आम्हांस फारसे न विचारता, जानेवारी २०१९मधील तिबेरियाच्या मॅरेथॉनसाठी आमचे नाव घातले. सौभाग्यवतींनी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "अहो, आधी हृदयाची तपासणी करून घ्या. मग काय पळायचं ते पळा." तपासणी झाली, आणि परवानगी मिळाली.

मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ही शर्यत सुमारे ४० किलोमीटरांची होती. आजचे अंतर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधून आले आणि १९२१ साली कायम झाले. परंतु पळण्याची गोष्ट शिकण्यास आपणांस ग्रीकांकडे जाण्याचे कारण नाही. ज्यांच्या नावाने आपण मलिदा करतो, ते एलियाहू हन्नाबी कार्मेल डोंगरावरून अहाब राजाच्या रथापुढे इझ्रएलपर्यंत धावत गेले, असे राजांच्या पहिल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. कोकणात खंडाळ्याच्या खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा दाखविणारे आपले वाडवडील, नाबी स्वतः पायी धावले होते, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगत.

तिबेरियाची मॅरेथॉन १९७७ सालापासूनची. सरोवराचा काठ समुद्रसपाटीहून सुमारे २०० मीटर खाली असल्याने तेथे हिवाळा सौम्य असतो आणि मार्ग बहुतेक सपाट. तिबेरियाहून दक्षिणेस निघून, सरोवराचे टोक वळसा घालून, पूर्वकाठच्या एन गेव्हपर्यंत जायचे आणि त्याच वाटेने परतायचे. शर्यत शुक्रवारी सकाळी होती, म्हणजे शब्बाथास धक्का नाही. आदल्या सायंकाळी आम्ही रांबामच्या कबरीपाशी गेलो. मिश्ने तोरामध्ये या थोर वैद्याने आरोग्याचे नियम सांगताना व्यायामाला आणि पोट तुडुंब न भरण्याला फार मोठे स्थान दिले आहे. पहिली गोष्ट आम्ही दोन वर्षे पाळली होती. दुसरीबद्दल कबरीपुढे उभे राहून मनातल्या मनात क्षमा मागितली, कारण आमचे वजन तोवर ९८चे ९३च झाले होते. वाचकांनी ध्यानात घ्यावे की नारळाच्या दुधाची भाजी आणि भात यांच्यावर नुसत्या पळण्याने मात होत नाही.

सकाळी तोफेसारखा आवाज झाला आणि हजारो पाय निघाले. चार मिनिटे पळणे, एक मिनिट चालणे. हमात तिबेरियाचे ऊन पाण्याचे झरे मागे पडले. किन्नेरेत वसाहतीच्या दफनभूमीजवळून, जेथे कवयित्री राखेल विसावली आहे, पुढे देगान्या, त्सेमाख, आणि मग डावीकडे सरोवर व उजवीकडे गोलानचे कडे. आम्ही एन गेव्हला वळलो तेव्हा वेगाने धावणारे केव्हाच घरी पोहोचले होते. तरी मन प्रसन्न होते. फसवणूक येथेच असते.

माणसाच्या स्नायूंत व यकृतात साठविलेली साखर साधारण २,००० उष्मांकांची. पळताना दर किलोला दर किलोमीटरमागे सुमारे एक उष्मांक लागतो. म्हणजे आमच्या देहास ४२ किलोमीटरांसाठी जवळजवळ ३,९०० उष्मांक हवेत. चरबीचा साठा मुबलक असला तरी त्यातून शक्ती सावकाश निघते. म्हणून बहुतेकांना तिसाव्या किलोमीटरच्या आसपास एकाएकी तेल संपल्यासारखे होते. शनिवार तेल्यांच्या वंशजावर तेल संपण्याचा प्रसंग यावा, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

आमचे तेल परतीच्या वाटेवर त्सेमाखच्या वळणापाशी संपले. अकरा किलोमीटर उरले होते. मांड्या दगड झाल्या, अंगावर थंडीचा काटा आला, आणि मागून एक गाडी आमच्या बरोबरीने चालू लागली. चालकाने काच खाली करून प्रेमाने विचारले, "आबा, बसता का?" खोटे कशाला सांगावे, आमचा हात गाडीच्या दाराकडे गेला होता. त्याच क्षणी वडील डोळ्यांपुढे उभे राहिले. ते कामावरून घरी येत, खुर्चीत बसत आणि म्हणत, "आता उठवत नाही रे." आम्ही हात मागे घेतला आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसलो.

पाण्याच्या मेजावर काम करणारी एक शाळकरी मुलगी धावत आली. पाणी आम्ही पुष्कळ प्यायलो होतो, किंबहुना जरुरीपेक्षा जास्त. हळू पळणाऱ्यांनी ठिकठिकाणी नुसते पाणी ढोसले तर रक्तातील मीठ उतरते आणि जिवावर बेतू शकते. तिने खजूर आणि खारी बिस्किटे हातावर ठेवली आणि आम्ही खाईपर्यंत तेथून हलली नाही. रथापुढे धावलेले तेच एलियाहू पुढच्याच अध्यायात रोतेमच्या झुडपाखाली थकून बसतात आणि मरण मागतात. देवदूत त्यांना बोल लावीत नाही. भाकर व पाणी देतो आणि खाण्यास सांगतो, कारण वाट लांबची आहे. दगडावर बसल्या बसल्या त्या अध्यायाचा अर्थ आम्हांस प्रथमच कळला.

आम्ही उठलो. पुढे पळणे थोडे आणि चालणे फार. ५ तास २६ मिनिटांनी तिबेरियात शेवटची रेषा ओलांडली, तेव्हा मंडप उतरविण्याचे काम चालू होते. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसते आमच्या पायांतले बूट काढले. पुढच्या आठवड्यात घरी मलिदा झाला. पोहे, गूळ, नारळ आणि पाच फळे मांडली, एलियाहू हन्नाबींचे स्मरण केले, आणि मातोश्रींनी पाठीमागे कोण लागले होते हा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

त्यानंतर आम्ही पूर्ण मॅरेथॉन धावलो नाही आणि धावण्याची इच्छाही नाही. आठवड्यातून चार दिवस किनाऱ्यावर पाऊण तास पळतो. वजन ९०च्या आसपास अडले आहे, साखर ५.६ आहे. आमच्या वयाच्या ज्या बंधुभगिनींनी वाचता वाचता स्वतःच्या पोटाकडे पाहिले असेल, त्यांनी प्रथम रक्त व हृदय तपासून घ्यावे, नंतर एक मिनिट पळावे आणि दोन मिनिटे चालावे. बेचाळीस किलोमीटरांची मुळीच गरज नाही.

वडिलांचे ५८ वर्षांचे वय आम्ही नुकतेच ओलांडले. त्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर जाऊन आलो आणि मग मेणबत्ती लावली.