ठोकर एकीकडे, दुखणं भलतीकडे

पावसाळ्यात ताम्हिणी घाटात समोरून येणाऱ्या एसटीला वाट देताना एखादी महिंद्र थार साइडपट्टी सोडून खाली उतरते. डावं चाक गवताने झाकलेल्या गटारात जातं, तिथल्या दगडावर आपटतं आणि पुढच्याच क्षणी गाडी जोर लावून वरही येते. बंपरला ओरखडा नाही, दिवे शाबूत, रिमला जरासं खरचटलेलं. "काही झालं नाही" म्हणत मंडळी पुढे निघतात. घाट संपून सरळ रस्ता लागला की चालकाच्या ध्यानात येतं, गाडी सरळ न्यायची तर स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरून ठेवावं लागतंय.

अशा धडकेत पत्रा वाचतो आणि सस्पेन्शन मार खातं, याचं कारण गाडीच्या घडणीतच आहे. ऑफ-रोड गाडीचा पुढचा बंपर मुद्दाम उंच आणि आखूड ठेवतात, म्हणजे चढावर किंवा दगडावर आधी चाक टेकतं. 2020 साली आलेल्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स 226 मिलिमीटर आहे. साध्या मोटारीचा बंपर ज्या दगडावर फुटला असता, तो दगड इथे थेट टायरला भिडतो. टायरकडून धक्का रिमला, रिमकडून हबला, तिथून चाक धरून ठेवणाऱ्या स्टिअरिंग नकलला, मग बॉल जॉइंट, आर्म, रबरी बुश आणि शेवटी चॅसीवरच्या ब्रॅकेटला पोचतो. या साखळीत जो भाग आधी हार मानेल तो वाकतो. तो चाकाजवळचा असेलच असं नाही.

कोणता भाग हार मानेल, हे गाडीवर अवलंबून असतं. महिंद्रने 1947 साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्या जीपला पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि पाटे होते. 1985 साली आलेल्या मारुतीच्या जिप्सीचीही रचना तशीच. पाट्यांकडे दुहेरी काम असतं. गाडीचं वजन तोलायचं आणि ॲक्सल जागेवर धरून ठेवायचा. पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट धक्क्याने तुटला, तर पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट घट्ट दिसत असूनही ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. 2023 साली आलेल्या जिम्नीत ॲक्सल अखंडच आहेत, पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि लिंक आहेत. तिथे आधी लिंक, ॲक्सलला आडवा धरणारा रॉड आणि त्यांचे बुश तपासावे लागतात. आताच्या थारमध्ये मागे अखंड ॲक्सल असला तरी पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत. प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात. समोरून बसलेल्या ठोकरीत खालचा आर्म मागे दाबला जातो.

घाटातच गाडी थांबवून पाच मिनिटं दिली, तर पुष्कळसं कळतं. टायरच्या बाजूवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात. तो टायर दुरुस्त होत नाही, स्टेपनी लावावी. मडगार्डच्या पोकळीत डावं आणि उजवं चाक सारख्याच जागी बसलंय का, हे थोडं लांब उभं राहून पाहावं. एक चाक मागच्या कडेला जास्त चिकटलेलं दिसलं तर आर्म किंवा ॲक्सल सरकलाय. खाली वाकून ब्रेकची नळी, तेलाचे थेंब आणि ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट पाहावा. बूट फाटला की ग्रीस फिरत्या शाफ्टभोवती उडून सगळीकडे काळे शिंतोडे दिसतात. ब्रेकचं पॅडल पार खाली जात असेल किंवा चाक तिरकं लोंबत असेल, तर गाडी चालवू नये. फोर बाय फोर गाडी दोन चाकं उचलून ओढली तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसला इजा होऊ शकते. म्हणून चारही चाकं वर चढवून नेणारी फ्लॅटबेड मागवावी.

गॅरेजमध्ये खरी तपासणी सुरू होते ती हातांनी. गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावतात. मेकॅनिक चाकाला वरून आणि खालून धरून हलवतो. चाक खुळखुळलं तर दोष बॉल जॉइंटमध्ये आहे किंवा बेअरिंगमध्ये. त्यातला नेमका कोणता, हे कळायला साधी युक्ती आहे. कुणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरायचा आणि चाक पुन्हा हलवायचं. खुळखुळ थांबली तर बेअरिंग गेलं, चालूच राहिली तर बॉल जॉइंट. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवतात. तिथला ढिलेपणा बहुतेक टाय रॉडच्या एंडचा असतो. चाक फिरवताना लहरत असेल तर त्या जागी स्टेपनी चढवून पाहतात. लहर गेली तर रिम वाकलाय, राहिली तर हब.

यानंतर हातबॅटरी आणि टॉमी म्हणजे लोखंडी कांब घेऊन माणूस गाडीखाली शिरतो. चिखल धुतलेला असेल तर खुणा स्पष्ट दिसतात. लोखंड जिथे वाकतं तिथे त्यावरचा रंग बारीक रेघांनी तडकतो. बोल्टच्या वॉशरशेजारी जुन्या मळात चकचकीत पट्टी उघडी पडली असेल, तर तो भाग आपल्या जागेवरून सरकलाय. आर्म आणि चॅसी यांच्यामध्ये टॉमी घालून हलकेच उचकटलं की फाटलेला बुश तोंड उघडतो. शॉकपच्या अंगावर धूळ धरलेली तेलाची पुसट झाक असेल तर घाबरायचं कारण नाही. ओला ओघळ मात्र सील गेल्याची खूण. शॉकपचा दांडा वाकलाय का, हे तो सोडवून हाताने दाबल्याशिवाय कळत नाही.

डोळ्यांना जे दिसत नाही ते टेप दाखवते. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचं. 2020 सालच्या थारमध्ये ते 2450 मिलिमीटर असायला हवं. दोन बाजूंत दोन-चार मिलिमीटरचा फरक सोडून द्यावा, पण तो सेंटिमीटरच्या पुढे गेला तर काहीतरी सरकलंय किंवा वाकलंय. चॅसीविषयी शंका असेल तर तिच्या दोन्ही पट्ट्यांवरच्या जोडीच्या भोकांमधून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करतात आणि कर्ण मोजतात. गवंडी पाया आखताना काटकोन तपासतो, तसंच हे. कर्ण जुळले नाहीत तर चॅसी तिरकी झालीय आणि काम साध्या गॅरेजच्या आवाक्याबाहेरचं आहे.

आता वेळ येते अलाइनमेंटच्या यंत्राची, आणि नेमका इथेच घोळ होतो. गाडी एका बाजूला ओढते म्हटल्यावर बहुतेक लोक थेट अलाइनमेंटच्या दुकानात जातात. तिथे टाय रॉड कमी-जास्त करून आकडे हिरव्यात आणले जातात, स्टिअरिंग सरळ होतं आणि वाकलेला आर्म जागीच राहतो. म्हणजे आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला. वाकलेला भाग ठीकच आहे असं धरून बाकीचं जुळवलं जातं, आणि ब्रेक मारताना किंवा खड्ड्यात गेल्यावर गाडी पुन्हा बाजूला झुकते.

खरं तर त्या यंत्राचा पहिला उपयोग निदानासाठी आहे. काहीही न फिरवता आधी आकडे छापून घ्यावेत. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर किती वळलंय ते. एकच चाक एक अंशाने चुकलं तर प्रत्येक किलोमीटरमागे ते जवळपास सतरा मीटर आडवं खेचलं जातं आणि टायरची कड करवतीसारखी झिजते. फक्त टोच बिघडला असेल तर संशय टाय रॉडवर. कॅस्टर म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे असलेला कल. खालचा आर्म मागे दबला की त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो आणि गाडी त्याच बाजूला ओढते. घाटातून आलेल्या थारचं दुखणं असं उलगडतं.

सगळ्यात बोलका आकडा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. समोरून पाहिल्यावर चाक किती तिरकं आहे तो कॅम्बर, आणि वळणाचा आस आत किती झुकलाय तो केपीआय. या दोघांची बेरीज नकलच्या घडणीवर ठरते, म्हणून ती दोन्ही बाजूंना सारखी यायला हवी. समजा उजवीकडे कॅम्बर शून्य आणि केपीआय 12 अंश आहे. डावीकडे कॅम्बर उणे दीड आणि केपीआय साडेतेरा आला, तर बेरीज पुन्हा 12 भरते. याचा अर्थ नकल ठीक आहे, पण आर्म किंवा त्याचा ब्रॅकेट हललाय. केपीआय 12 आणि कॅम्बर उणे दीड आला तर बेरीज साडेदहा होते, आणि नकलच वाकलेली असते. गाडी खोलण्याआधी कोणता भाग मागवायचा, हे इतक्या हिशेबावरून ठरतं.

दुरुस्तीत एक नियम पक्का आहे. नकल, आर्म, टाय रॉड, बॉल जॉइंट हे भाग गॅसने तापवून, हातोडीने ठोकून सरळ करू नयेत. तापवल्याने पोलादाची मूळ ताकद बदलते आणि वाकवून सरळ केलेल्या जागी न दिसणारी चीर राहू शकते. हे भाग नवेच लावावेत. पाट्यांची गोष्ट वेगळी. तुटलेली एक पट्टी बदलता येते, बसलेल्या पाट्यांना पुन्हा बाक देणारे कारागीर अजून तालुक्यांच्या गावांत आहेत. यू-बोल्ट मात्र एकदा ताणले की नवे घ्यावेत. शॉकप आणि स्प्रिंग एका ॲक्सलवर जोडीनेच बदलतात, नाहीतर गाडी एका बाजूला उंच राहते.

नवा बुश बसवताना एक चूक हमखास होते. गाडी जॅकवर असताना आर्म खाली लोंबत असतो, आणि त्याच अवस्थेत बोल्ट आवळला तर गाडी खाली टेकताच बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं. काही महिन्यांत ते फाटतं. म्हणून बोल्ट आधी हाताने बसवून, गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच टॉर्क पान्याने आवळायचा असतो. त्यानंतर अलाइनमेंट. आधी कॅस्टर-कॅम्बर, शेवटी टो. गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा असलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

खर्चाचा भाग विम्याशी जोडलेला आहे. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीचं काही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, पहिल्या सहा महिन्यांत शून्य आणि दहा वर्षांनंतर 50 टक्के. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जोडकलम, घेतलेलं असेल तर ही कपात टळते, मात्र झिजलेला बुश धडकेच्या नावावर खपत नाही. गाडी खोलल्यावर आतलं नुकसान सापडलं तर काम पुढे नेण्याआधी विम्याच्या सर्व्हेअरला दाखवावं आणि जुने भाग त्याने पाहीपर्यंत भंगारात टाकू नयेत. दुरुस्तीनंतर गाडी काही शे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट आणि आर्मचे बोल्ट पुन्हा तपासून घ्यावे लागतात. दुरुस्तीआधीची आणि नंतरची अलाइनमेंटची प्रिंट फाइलला लावून ठेवली, तर पुढे टायर एका कडेने झिजायला लागला किंवा गाडी विकायला काढली, तेव्हा तेच कागद कामी येतात.