टेक-ऑफनंतरची दोन मिनिटं

नाशिकच्या द्वारका सर्कलला ट्रकच्या मागे किती अंतर ठेवायचं, हे दुचाकीवाला स्वतःच ठरवतो. रनवेवर ते कंट्रोलर ठरवतो, आणि पुष्कळदा मीटरमध्ये नाही, मिनिटांत.

कारण हवेत आहे. उडणाऱ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून दोन भोवरे मागे सुटतात. विमान जितकं जड आणि संथ, तितके ते जोरकस. म्हणजे नेमके टेक-ऑफच्या वेळी. ते खाली उतरतात, जमिनीजवळ आले की बाजूला पांगतात. पण हलका आडवा वारा असला तर त्यातला एक रनवेवरच रेंगाळतो. (वारा पडलाय म्हणजे बरं, असं इथे मुळीच नसतं.)

आयकाओच्या नियमांत १३६ टन किंवा त्याहून जड विमान 'हेवी', ७ ते १३६ टन 'मीडियम'. बोईंग ७७७ च्या मागे ए३२० निघणार असेल तर २ मिनिटं थांबायचं. तेच ए३२० रनवेच्या मधूनच धाव सुरू करणार असेल तर ३, कारण ते भोवऱ्यांच्या वाटेतच हवेत उठतं. दोन मीडियम असतील आणि उडाल्यावर त्यांच्या दिशा किमान ४५ अंशांनी फुटत असतील, तर १ मिनिट पुरतं.

१२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कहून ७४७ च्या मागे निघालेलं ए३०० भोवऱ्यात सापडलं. सहवैमानिकाने रडर गरजेपेक्षा फार जोरात मारला, शेपूट तुटलं, २६५ माणसं गेली. भोवऱ्याने फक्त सुरुवात केली होती.

आता वही घ्या. एक हेवी, तीन मीडियम, दिशा वेगवेगळ्या. हेवी आधी सोडलं तर २+१+१, म्हणजे ४ मिनिटं. शेवटी सोडलं तर ३. एक मिनिट वाचलं? थांबा, पाचवं मीडियम आलं की ती २ मिनिटं परत हजर! खर्च पुढे ढकलला, एवढंच.

मुंबईत गंमत वेगळी. तिथले दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात, चढायलाही आणि उतरायलाही. मग हेवीमागच्या त्या २ मिनिटांत एखादं विमान उतरवून घेता येतं. ८ जून २०२४ ला तिथे एक विमान उठत असतानाच दुसरं त्याच रनवेवर टेकलं होतं; फट किती अरुंद असते ते यावरून कळेल.

रांगेचा क्रम बदलायचा, पण कुणालाही ठरावीक जागांपेक्षा जास्त मागे ढकलायचं नाही, ही मांडणी रॉजर डियर यांनी १९७६ मध्ये एमआयटीत केली. सुरुवात तिथून करा, आणि आधी ठरवा: तुम्ही वाचवताय ते नक्की काय, रनवेची मिनिटं की रांगेतल्या शेवटच्या विमानाची?