मशीन माळ्यावर टाकण्याआधी मास्ककडे बघा

तुमच्या घरात किंवा ओळखीच्या कुणाकडे सीपॅप मशीन असेल आणि ते पलंगाशेजारी नसून कपाटात पडून असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आमच्याकडे ते चार महिने माळ्यावर होतं. ४५ हजारांचं मशीन, आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी.

माझे आईबाबा इंदूरला असतात. बाबांचं घोरणं हा आमच्या घरातला जुना विनोद. पाहुणे मुक्कामाला आले की आई त्यांना शेवटची खोली द्यायची. मग गेल्या वर्षी एका दुपारी सिग्नलला गाडी उभी असताना बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकवून झोपले. मागच्या रिक्षाच्या हॉर्नने जागे झाले. शेजारी आई होती. त्या रात्री तिने मला फोनवर पहिल्यांदा सांगितलं, की ती बरीच वर्षं रात्री जागून बाबांचे श्वास मोजते. घोरणं चालू असलं की तिला बरं वाटतं. भीती वाटते ती ते थांबल्यावर.

तपासणीत निघालं स्लीप अॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून माणसाला क्षणभर जागं करतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. श्वास निदान १० सेकंद थांबणं किंवा बराच कमी होणं, असं तासाला किती वेळा घडतं त्या आकड्याला एएचआय म्हणतात. ५ पेक्षा कमी म्हणजे ठीक, ३० च्या वर म्हणजे गंभीर. बाबांचा आला ४१.

डॉक्टरांनी सीपॅप सुचवलं. मशीन घरी आलं आणि अकराव्या रात्री बाबांनी मास्क काढून उशाशी फेकला. "माझा श्वास हेच कोंडतंय," म्हणाले. आम्हाला वाटलं बाबा हट्टीपणा करताहेत. खरं तर ते बरोबर सांगत होते, फक्त आम्हाला ते ऐकता आलं नाही.

ग्लास आणि स्ट्रॉ

मशीनवर ८, १०, १२ असे आकडे दिसतात. ते पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजलेले असतात आणि ते समजून घ्यायला फार सोपी युक्ती आहे. उंच ग्लासात पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक पाण्याखाली १० सेंटिमीटर जाईल असं धरा आणि फुंका. तळाशी बुडबुडे यायला जेवढा जोर लागतो, तेवढाच १० चा दाब. मी हे बाबांना करून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "बस, एवढंच?" गाडीच्या टायरमधला दाब याच्या दोनशे पट असतो.

हा हलका दाब घशाची वाट आतून उघडी धरून ठेवतो. मशीन तुमच्यासाठी श्वास घेत नाही, आणि त्यातून येते ती खोलीतलीच हवा, ऑक्सिजन नव्हे. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये हा प्रयोग पहिल्यांदा केला, तोही व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून. सुरुवातीच्या रुग्णांचे मास्क दर रात्री चेहऱ्यावर चक्क चिकटवायला लागत. ही गोष्ट बाबांना फार आवडली. आपल्याला निदान पट्टे तरी आहेत.

घरच्या मशीनमध्ये दाब साधारण ४ ते २० पर्यंत ठेवता येतो. काही मशीन रात्रभर एकच दाब देतात, काही स्वतः कमीजास्त करतात. बाबांचं दुसऱ्या प्रकारचं. विक्रेत्याच्या माणसाने ते ४ ते २० असं पूर्ण मोकळं सोडलं होतं. ऐकायला छान वाटतं, नाही का? मशीन हुशार आहे, ते बघून घेईल! पण प्रौढ, भारदस्त माणसाला ४ वर बऱ्याचदा हवा अपुरी वाटते. बाबांची घुसमट तीच होती. पुढे झोप लागली की घसा बंद व्हायचा, मशीन दाब चढवायचं, चढलेल्या दाबाने मास्क कडेने उचलला जायचा आणि हवा थेट डोळ्यात. बाबा जागे! डॉक्टरांनी अकरा रात्रींची नोंद पाहिली आणि खालची मर्यादा ८, वरची १४ केली. दोन मिनिटांचं काम होतं.

मात्र हे आकडे बाबांचे आहेत, तुमचे नव्हेत. दाब किती लागेल हे वजन, घशाची ठेवण, तुम्ही पाठीवर झोपता की कुशीवर, नाक चोंदलेलं आहे का, अशा अनेक गोष्टींवर ठरतं. रात्री दारू घेतली तर घसा आणखी सैल पडतो. १० किलो वजन उतरलं तर जुना दाब जास्त होऊ शकतो. उताणं झोपणाऱ्याला साधारणपणे जास्त दाब लागतो.

दाब चुकला की शरीर सांगतं. कमी पडत असेल तर हवा पुरत नाही असं वाटतं, मास्क लावूनही घोरणं ऐकू येतं, सकाळी डोकं जड राहतं. जास्त असेल तर हवा पोटात जाते, पोट फुगतं, सकाळी ढेकरांवर ढेकर येतात. श्वास सोडताना जोर लागत असेल तर बहुतेक मशीनमध्ये उच्छ्वासाच्या वेळी दाब थोडा उतरवण्याची सोय असते. रॅम्प नावाची आणखी एक सोय असते, ज्यात दाब कमीपासून सुरू होऊन हळूहळू चढतो. या दोन गोष्टी विचारून घ्या, कारण पुष्कळांना त्या आहेत हेच माहीत नसतं.

आणि हो, इंटरनेटवर पाहून मशीनचा डॉक्टरांसाठीचा मेन्यू उघडू नका. जास्त दाब म्हणजे जास्त फायदा असं नसतं. काही लोकांमध्ये दाबामुळे वेगळ्या प्रकारचा अॅप्निया दिसू लागतो, ज्यात घसा उघडा असतो पण मेंदूच श्वासाची सूचना पाठवत नाही. ते घरी बसून ओळखता येत नाही.

कवळीचा प्रश्न

दाब सुधारला, तरी हवा गळायची थांबली नाही. बाबांनी पट्टे आणखी आवळले. नाकाच्या हाडावर लाल वळ उठला, चौथ्या दिवशी तिथली कातडी सोलली. आईने त्यावर हळद लावली आणि मशीन पुन्हा माळ्यावर चढण्याच्या बेतात होतं.

तेव्हा डॉक्टरांच्या तंत्रज्ञ मुलीने बाबांना मास्क घेऊन बोलावलं. खुर्चीवर नाही, तपासणीच्या पलंगावर आडवं केलं. मशीन सुरू केलं. आणि विचारलं, "काका, रात्री कवळी काढून झोपता का?"

काढतात! रोज काढून पाण्यात ठेवतात. मास्कचं माप घेतलं होतं भर दुपारी, दुकानात, खुर्चीवर बसवून, कवळी तोंडात असताना. कवळी काढली की गाल आणि ओठ आत जातात, चेहऱ्याचा खालचा भाग बदलतो. म्हणजे बाबा दर रात्री दुसऱ्याच चेहऱ्यासाठी निवडलेला मास्क लावत होते. त्यातून त्यांच्या जाड मिशा, ज्यांच्यावर सिलिकॉनची कड नीट बसतच नव्हती. तिने त्यांना फक्त नाक झाकणारा लहान मास्क दिला आणि तिथेच वीस मिनिटं झोपायला लावलं. बाबा खरंच झोपले. आई बाहेर बाकावर बसून रडत होती, हे मला नंतर कळलं.

मास्क ढोबळमानाने तीन प्रकारचे. नाकपुड्यांना टेकणाऱ्या छोट्या गाद्या, नाक झाकणारा आणि नाकतोंड दोन्ही झाकणारा. दुकानात पुष्कळदा तिसरा पुढे केला जातो, कारण कुणालाही चालेल असं वाटतं. माझं मत विचाराल तर नाकाने नीट श्वास घेता येत असेल तर आधी नाकाचा मास्क वापरून पाहायला मागा. जेवढी कड कमी, तेवढ्या गळतीच्या जागा कमी. नाक कायम चोंदत असेल तर मात्र आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. बंद नाकावर कुठलाच मास्क सुखाचा होत नाही.

घरी मास्क लावताना तुम्ही जसे झोपता तसे झोपा, उशी नेहमीचीच घ्या आणि मशीन चालू असताना पट्टे जुळवा. उभं राहून आरशासमोर जुळवलेला मास्क आडवं होताच सरकतो. हवा सुरू झाली की मास्क चेहऱ्यापासून किंचित ओढून पुन्हा अलगद टेकवा, म्हणजे सिलिकॉनची पातळ कड हवेने फुगून नीट बसते. मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे, थोडे थोडे. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गळतंय म्हणून आवळलं की ती कड चुरगळते आणि आणखी गळतं. सकाळी दिसणारा हलका वळ थोड्या वेळात जात असेल तर काळजी नाही. कातडी सोलत असेल तर माप चुकलंय.

चेहऱ्यावर तेल किंवा नाइट क्रीम असेल तर सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराबही होतं. खोबरेल तेलाची चंपी करायची तर सकाळी करा. केस लांब असतील तर अंबाडा मागच्या पट्ट्याच्या आड येतो, सैल वेणी बरी. दाढी वाढवली असेल तर पुन्हा माप बघा. चेहऱ्याला लागणारी गादी रोज सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणं असतात. घरात कुणाला पेसमेकर किंवा शरीरात तसं उपकरण असेल, मग तो मास्क वापरणारा असो वा शेजारी झोपणारा, तर असा मास्क घेऊ नका.

एक गळती मात्र मुद्दाम ठेवलेली असते. मास्कवर बारीक भोकं असतात, त्यातून उच्छ्वासाची हवा बाहेर जाते. त्यातून फुस्स आवाज आला म्हणून कुणी चिकटपट्टी लावू नका. थंडीत पांघरुणाखाली तोंड घेऊन झोपायची सवय असेल तर ती या मास्कबरोबर सोडावी लागेल.

सकाळी तोंड सुकून लाकूड झालं असेल, तर नाकाचा मास्क लावून तोंड उघडं राहत असण्याची शक्यता आहे. मशीनच्या टाकीतली आर्द्रता वाढवून पाहा, हनुवटीचा पट्टा किंवा मोठा मास्क याबद्दल विचारा. ओठांवर टेप लावण्याचे व्हिडिओ फिरताहेत, ते स्वतःच्या मनाने करू नका. उलटी होण्याची शक्यता असलेल्या किंवा स्वतःच्या हाताने मास्क काढू न शकणाऱ्या माणसाला नाकतोंड झाकणारा मास्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला आणि पाणी रोज बदला. एसीत नळीमध्ये पाण्याचे थेंब जमून नाकावर टपकत असतील तर आर्द्रता थोडी कमी करा किंवा नळी पांघरुणाखालून घ्या.

वीज गेली तर? हा आईचा पहिला प्रश्न होता. नाकतोंडाच्या मास्कला झडप असते, मशीन बंद पडलं की ती उघडते आणि बाहेरची हवा येते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. आमच्याकडे आता मशीन इन्व्हर्टरवर आहे, आणि वीज गेली की आर्द्रतेचा हीटर बंद करायचा, कारण बॅटरी खाणारा तोच. प्रवासात मशीन हातातल्या सामानात घ्या आणि टाकी आधी रिकामी करा, नाहीतर पाणी मोटरमध्ये उतरतं.

रोजचे आकडे बघताना

बहुतेक मशीन सकाळी तीन गोष्टी सांगतात, किती तास वापरलं, एएचआय किती राहिला आणि गळती किती झाली. कंपनीगणिक गळतीची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे आपल्या मशीनची विचारून घ्या. एका रात्रीच्या आकड्याने घाबरू नका, आठवड्याचा कल बघा. गळती वाढत चालली असेल तर बहुतेक वेळा गादी जुनी झालेली असते किंवा पट्ट्याचं इलॅस्टिक सैल पडलेलं असतं. गळती कमी असूनही एएचआय चढा राहत असेल, तर तो आलेख डॉक्टरांना दाखवा. दिवसा डुलक्या येत असतील तोवर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या. यावर आमच्या घरात भांडण झालं आणि ते आईने जिंकलं.

आणखी एक. हा पुरुषांचाच आजार असं समजू नका. पाळी थांबल्यानंतर बायकांमध्येही याचं प्रमाण वाढतं आणि पुष्कळदा त्या घोरण्याची तक्रार घेऊन जातच नाहीत. थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप, चिडचिड, एवढंच सांगतात आणि ते सगळं वयावर ढकललं जातं. आईचीही तपासणी करून घ्यायची असं मी ठरवलंय. तिला अजून सांगितलेलं नाही.

बाबांना आता सात महिने झाले. काल सकाळचा स्क्रीनचा फोटो त्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकला, ६ तास २० मिनिटं, एएचआय ३.४. खाली लिहिलं होतं, "फर्स्ट क्लास." गळतीचा आकडा मात्र गेल्या तीन आठवड्यांपासून थोडा थोडा वाढतोय. मी त्यांना गादी बदलायला सांगितलं. बाबांचं उत्तर आलं, "अजून दोन महिने चालेल." मी इथूनच मागवली आहे, शनिवारी पोचेल.