शंकरपाळे बेक केले म्हणून हलके होत नाहीत

दिवाळी जवळ आली की घराघरांत एक बेत ठरतो: यंदा फराळ तळायचा नाही, बेक करायचा. बेतामागचा हेतू चांगलाच आहे. पण शंकरपाळ्यांच्या पिठात मळतानाच जे मोहन आणि जी साखर पडते, ती ओव्हनमध्ये कुठे जात नाहीत. तळताना वरून शिरणारं तेल तेवढं वाचतं. त्यात बेक केलेले शंकरपाळे कडक होतात म्हणून अनेक जणी मोहन वाढवतात, मग तीही बचत संपते. नानकटाईला कढई कधी लागलीच नाही, तरी तिच्यात मैद्याच्या वजनाच्या जवळपास निम्मं, कधी त्याहून जास्त तूप असतं.

पदार्थ हलका करायचा असेल तर त्याचा भार नेमका कशात आहे, हे आधी पाहायला हवं. एक ग्रॅम पिष्टात किंवा प्रथिनात साधारण ४ कॅलरी असतात, एक ग्रॅम तेला-तुपात ९. भाजीला अंदाजाने ओतलेलं तीन मोठे चमचे तेल म्हणजे सुमारे ३७० कॅलरी. भाजी कुठलीही असो, भार तिच्यात नाही, त्या तेलात आहे.

‘तूप बंद केलं, आता सगळं ऑलिव्ह तेलात करते.’ शेंगदाणा, करडई, खोबरेल, ऑलिव्ह, साजूक तूप, सगळ्यांच्या कॅलरी जवळजवळ सारख्याच. हृदयाच्या दृष्टीने त्यांच्यात फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे: तुपात आणि खोबरेलात संपृक्त स्निग्धांश जास्त, शेंगदाणा-करडईत कमी. पण तेल बदललं म्हणून पदार्थ हलका होत नाही, तेल मोजलं तर होतो. वरणभातावरचं चहाच्या चमचाभर तूप चाळीसेक कॅलरींचं असतं. ते सोडून देण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही.

‘आच मंद ठेवली की तेल कमी पितं.’ हा समज फार घट्ट बसलेला आहे आणि तो बरोबर उलटा आहे. वडा गरम तेलात पडला की त्याच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती जोराने बाहेर येते. कढईत दिसणारे बुडबुडे तिचेच. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. तेल १७० ते १८० अंशांवर असलं की वरचं कवच लवकर धरतं आणि काम लवकर आटपतं. तेल थंड असलं की कवच धरत नाही, वडा कढईत रेंगाळतो आणि तेलकट होतो. एकदम आठ-दहा वडे सोडले की हेच घडतं, कारण तेवढ्यांनी तेल निवतं.

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. बरंचसं तेल तळताना नाही, तर वडा बाहेर काढल्यावर शिरतं. तो निवायला लागला की आतली वाफ आकसते, दाब कमी होतो आणि बाहेर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर नीट निथळून घ्यायचं ते कढईवरच, आणि लगेच. मग जाळीवर सुटे ठेवायचे. डब्यात एकावर एक रचले की तेल निथळत नाही आणि कवचही वाफेने मऊ पडतं.

आपल्याकडे याहून जुनी आणि सोपी युक्ती आहेच. कोथिंबीर वडी आणि अळूवडी वाफेवरच पूर्ण शिजलेल्या असतात. तळणं फक्त वरच्या कुरकुरीत पापुद्र्यासाठी. तव्यावर दोन चमचे तेलात दोन्ही बाजूंनी परतल्या तरी त्यांचं काही बिघडत नाही. साबुदाणा वडा आप्पेपात्रात छान होतो. बटाटेवड्याचं मात्र तसं नाही. बेसनाचं पातळ पीठ गरम तेलात फुलतं, तेच त्याचं रूप. तो क्वचित करावा, पण तळूनच करावा, असं माझं मत आहे.

‘गुळाचं आहे, चालतं.’ १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी असतात, तेवढ्याच गुळात ३५० ते ३८०. गूळही बहुतांशी साखरच आहे आणि रक्तातली साखर वाढवतो. त्यातलं लोह खरं, पण आपण खातो तेवढ्या खड्यातून ते फार मिळत नाही. चव आवडते म्हणून गूळ जरूर वापरावा, पण मधुमेह असलेल्या माणसाच्या ताटात पुरणपोळी वाढताना गूळ हे कारण पुरेसं नाही. डाळ तेवढीच ठेवून गूळ पाऊणपट केला तर पुरण तरीही गोडच लागतं, वेलची-जायफळ साथ देतात. श्रीखंडात तर वाव आणखी मोठा आहे. चक्क्याच्या बरोबरीने साखर घालायची रीत आहे, ती निम्म्यावर आणता येते. साखरेने चक्का सैल होतो, त्यामुळे साखर कमी केली की श्रीखंड घट्ट होतं. चमचाभर दुधात केशर खलून घातलं की ते सारखं होतं. चक्क्याचा घट्टपणा पाणी निथळल्याने येतो, म्हणून ३ टक्के स्निग्धांशाच्या टोन्ड दुधाच्या दह्याचाही चांगला चक्का बांधता येतो. म्हशीच्या दुधात हाच स्निग्धांश ६-७ टक्के असतो.

‘खिचडीत दाण्याचा कूट कमी घाल, जड होतो.’ साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये ३५० कॅलरी आणि प्रथिनं नावापुरती. दाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं असतात. कॅलरी दाण्यातही भरपूर, पण उपासाच्या त्या बशीत पोटाला आधार देणारं तेवढंच असतं. कमी करायचा तो साबुदाणा. कूट राहू द्यावा आणि शेजारी दही घातलेली काकडीची कोशिंबीर भरपूर वाढावी.

मिसळीचंही असंच. मोड आलेल्या मटकीची उसळ उत्तम अन्न आहे, भार आहे तो तर्रीत आणि फरसाणात. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून बिनतेलाचा कट फिका दिसतो आणि लोक पुन्हा तेलाकडे वळतात. चमचा-दीड चमचा तेल गरम करून गॅस बंद करायचा, त्यात ब्याडगीचं तिखट घालायचं आणि ते शेवटी कटावर ओतायचं. रंगही येतो, वासही. फोडणीचं सगळीकडे हेच आहे: जिरं, हिंग, कढीपत्ता यांचा स्वाद तेलात उतरतो, आणि शेवटी वरून दिलेली छोटी फोडणी सुरुवातीच्या मोठ्या फोडणीइतकी जाणवते.

हलकं खाणं घरातल्या सगळ्यांनाच हवं असतं, असंही नाही. दोन वर्षांच्या मुलाचं पोट लहान असतं आणि वाढीची गरज मोठी. ज्यांची भूक मंदावली आहे आणि वजन उतरत चाललं आहे अशा आजी-आजोबांचंही तसंच. त्यांना दोन घासांत जास्त मिळायला हवं. त्यांच्या मऊ खिचडीत मुगाची डाळ जास्त घालावी आणि वर तूप सढळ हाताने सोडावं.