शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आणि त्यानंतरचे सहा महिने



आपल्या सेवाकार्याच्या आधाराने शिकणाऱ्या मुलांपैकी काही जण यंदा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. मंडळ्यांना भेटी देताना त्यांच्याविषयी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "हे प्रोजेक्ट म्हणजे नक्की काय, आणि त्याला वेगळा खर्च कशाला?" दुसरा, "शिकून झाल्यावर ही मुले आपल्या पाड्यावर परत जाणार ना?" दोन्ही प्रश्न प्रेमापोटी येतात, म्हणून त्यांची उत्तरे थोडी सविस्तर देतो.

प्रकल्प म्हणजे काय?

अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची, म्हणजे आठ सत्रांची. दहावीनंतर पदविका केलेली मुले थेट दुसऱ्या वर्षात येतात. आपली बरीच मुले याच वाटेने आली आहेत. सातव्या आणि आठव्या सत्रात तीन-चार जणांच्या गटाने एक प्रकल्प करायचा असतो. आधी विषय निवडायचा, त्यावर पूर्वी काय काम झाले ते वाचायचे, आराखडा काढायचा. मग वस्तू किंवा प्रणाली प्रत्यक्ष तयार करायची, तिची चाचणी घ्यायची, अहवाल लिहून बांधून घ्यायचा. शेवटी बाहेरून आलेले परीक्षक तोंडी परीक्षा घेतात. हे का केले, हा आकडा कसा आला, चुकले कुठे, असे सगळे विचारतात.

शहरात तयार प्रकल्प विकतही मिळतात. पैसे मोजले की यंत्र आणि अहवाल दोन्ही हातात. आमच्या मुलांना आम्ही एवढेच सांगतो, की विषय शक्यतो आपल्या पाड्यावरून आणा. जो प्रश्न आपण लहानपणापासून पाहिला आहे, त्यावर परीक्षकांसमोर बोलताना जीभ अडखळत नाही.

यंदाचे तीन प्रकल्प

पहिला प्रकल्प यंत्र शाखेच्या गटाचा. विषय आहे मोहाची फुले वाळवणे. मोह म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे दारूच येते. पण आदिवासी घरात मोहफूल हे अन्नही आहे. ते भाजून, शिजवून, भाकरीत घालून खातात आणि वाळवून विकतात. मार्च-एप्रिलमध्ये बायका-मुले पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वेचलेली फुले अंगणात जमिनीवर पसरतात. त्यांत माती मिसळते, ओल राहिली तर बुरशी धरते आणि व्यापारी भाव पाडतो. या गटाने उन्हावर चालणारी वाळवणपेटी केली आहे. काळ्या पत्र्यावर काच, खालून हवा आत येण्याची वाट, वर धुराड्यासारखी नळी. पत्रा तापतो, गरम हवा फुलांमधून वर जाते आणि ओल सोबत घेऊन जाते. वीज लागत नाही. दर तासाला फुलांचे वजन करून ते किती ओल गेली हे मोजतात. आता त्यांची अडचण काचेची आहे. ती महाग पडते आणि डोंगरातून नेताना फुटते. म्हणून ते जाड प्लास्टिक लावून पाहत आहेत.

दुसरा प्रकल्प स्थापत्य शाखेच्या एका मुलीच्या गटाचा. तिचा पाडा मोखाड्याकडचा. तिथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत बायका डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात. पाणी खाली, वस्ती वर. तिने रॅम पंप निवडला. 1796 साली फ्रान्समध्ये जोसेफ माँगोल्फिए यांनी बनवलेला हा पंप वीज किंवा डिझेलशिवाय चालतो. वरून नळीतून वाहत येणारे पाणी एका झडपेने अचानक अडवले जाते. त्या धक्क्याने पाण्याचा थोडा भाग दुसऱ्या झडपेतून उंचावर ढकलला जातो आणि उरलेले पाणी ओहळात परत जाते. झडप पुन्हा उघडते, पुन्हा बंद होते. रात्रंदिवस हीच टकटक चालू राहते.

पंप चालला. पण मुलीने डिसेंबरपासून दर रविवारी ओहळाचे पाणी बादली आणि घड्याळाच्या मदतीने मोजले, तेव्हा वेगळीच गोष्ट पुढे आली. मार्चपर्यंत ओहळात पंप चालण्याइतके पाणीच उरत नाही. म्हणजे पंप उत्तम, पण ज्या महिन्यांत गरज आहे त्याच महिन्यांत तो मुका. गटातले सोबती म्हणाले, हे अहवालात कशाला लिहायचे? तिने लिहिले. निष्कर्षात तिने मांडले, की पावसाळा संपताना पंपाने वर टाकी भरून घेता येईल, पण उन्हाळ्यासाठी आधी झऱ्याच्या वरच्या उतारावर पाणी मुरवावे लागेल. माझ्या मते हा या वर्षीचा सगळ्यात मोलाचा निष्कर्ष आहे. ज्याला तो पाडा ठाऊक नाही, तो पंप बसवून, फोटो काढून निघून गेला असता.

तिसरा प्रकल्प संगणक शाखेचा. गरोदर मातांसाठीच्या सूचना पाड्यावरच्या बोलीत ऐकवणारे मोबाइल ॲप. इंग्रजी किंवा मराठी बोललेले ओळखणारी साधने आज फोनमध्ये सहज मिळतात, कारण त्या भाषांचे लिखाण आणि आवाज संगणकाला भरपूर मिळालेले आहेत. आदिवासी बोलींचे तसे नाही. 2011 च्या जनगणनेत भिली-भिलोडी या गटात एक कोटीहून जास्त भाषक नोंदले गेले, तरी त्यांच्यासाठी अशी साधने अजून फार थोडी आहेत. त्यामुळे या मुलांनी बोली ओळखण्याचा हट्ट सोडला. गावातल्या आजीबाईंच्या आवाजात वाक्ये ध्वनिमुद्रित केली आणि चित्रावर बोट ठेवले की ती ऐकू येतील अशी सोय केली.

पुढे काय?

तोंडी परीक्षा झाली की बांधलेला अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात जातो. मुलापुढे तेव्हा साधारण चार वाटा असतात.

एक, महाविद्यालयात येणाऱ्या कंपन्यांची निवड. ही सातव्या सत्रातच सुरू होते. तिथे इंग्रजीतून गटचर्चा आणि मुलाखत असते, आणि आपली मुले ज्ञानापेक्षा भाषेपाशी अडतात. दोन, 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील एक वर्षाचे प्रशिक्षण. त्यात विद्यावेतन मिळते आणि अनुभवाचा दाखला हाती येतो. तीन, सरकारी नोकरी. राज्यात अनुसूचित जमातींसाठी 7 टक्के जागा राखीव आहेत, पण जाहिरात कधी निघेल आणि निकाल कधी लागेल हे आपल्या हातात नसते. शिवाय जात वैधता प्रमाणपत्र सांभाळून ठेवावेच लागते. चार, गेट परीक्षा देऊन एम.टेक. मान्यताप्राप्त संस्थेत गेटच्या आधारे प्रवेश मिळाला तर दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते, हे अनेक पालकांना माहीतच नसते. पंप करणाऱ्या मुलीला हीच वाट घ्यायची आहे. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचे 'सितारा' हे केंद्र 1985 पासून आहे. तिथले विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून काही आठवडे खेड्यात राहतात. तिचे लक्ष तिकडे आहे.

मोहाच्या गटातल्या मुलाचे तसे नाही. त्याचे आईवडील दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जातात आणि धाकटी दोन भावंडे शिकत आहेत. त्याला पहिला पगार लवकर हवा आहे. तो चाकणला कारखान्यात गेला, तर तो गाव विसरला असे कोणी म्हणू नये.

इथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. परत जाणे ही आपल्या मदतीची अट नाही, आणि ती असू नये असे मला वाटते. शहरातल्या डॉक्टरच्या मुलाला आपण कधी विचारत नाही, की तू आजोबांच्या गावी परत जाणार का? मग मजुराच्या मुलाकडूनच हे वचन का मागायचे? पवित्र शास्त्रात निर्गमच्या 31व्या अध्यायात देवाने बसालेलाला कारागिरीचे कौशल्य दिल्याचे वाचतो. हातातली कला ही देवाची देणगी आहे. ती कुठे आणि कशी वापरायची, याची प्रेरणाही तोच देतो. धाकट्या भावंडांची फी भरणारा थोरला भाऊ हीदेखील त्या पाड्याची सेवाच आहे.

मधली दरी

खरी अडचण निकालानंतर सुरू होते. सरकारी शिष्यवृत्ती शिक्षणापुरती असते, आणि पुष्कळदा उशिराही येते. निकाल लागला की वसतिगृहाची खोली सोडावी लागते. पहिला पगार मात्र अजून दूर असतो. मुलाखतीला पुण्याला जायचे तर भाडे हवे, राहायला जागा हवी, गेटसाठी पुस्तके हवीत. याच काळात मुलगा गावी परततो, बापाबरोबर बागेत जातो, आणि एक हंगाम गेला की पुस्तक पुन्हा हाती धरणे कठीण होते. चार वर्षांचे शिक्षण असे दोन-तीन हजार रुपयांच्या अभावी अडकलेले मी पाहिले आहे.

बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने सांगितले (लूक 14). म्हणून यंदापासून आपल्या समितीने प्रत्येक मुलाच्या हिशेबात शेवटच्या वर्षाचे प्रकल्पसाहित्य आणि निकालानंतरचे सहा महिने हे दोन्ही धरले आहेत. ही मदत देताना मुलाचा धर्म पाहिला जात नाही, हे आपण जाणताच.

आपण काय करू शकता?

पैशांखेरीजही पुष्कळ काही. आपल्या मंडळीत अभियंते असतील तर त्यांनी एका गटाची तोंडी परीक्षेची तयारी करून घ्यावी. शिक्षक भगिनींनी फोनवर आठवड्यातून एकदा इंग्रजीत गप्पा माराव्यात. नाशिक-पुण्यातल्या कुटुंबांनी मुलाखतीला आलेल्या मुलाला दोन रात्री घरी उतरू द्यावे. वापरात नसलेला पण चालू लॅपटॉप असेल तर आम्हाला कळवावे.

आणि प्रार्थनेत आठवण ठेवावी : तोंडी परीक्षेला बसणाऱ्या तिन्ही गटांची, गेटच्या निकालाची, नोकरी शोधणाऱ्यांना धीर मिळावा म्हणून, आणि मोखाड्याच्या त्या पाड्यावर यंदा पाणी मुरवण्याचे चर पावसाआधी खणून व्हावेत म्हणून. गावकऱ्यांनी जागा पाहून ठेवली आहे. उतार कुठे किती आहे, हे त्या मुलीने त्यांना कागदावर काढून दिले आहे.

प्रभूच्या सेवेत आपला,
क्षेत्रीय समाजसेवक