अंड्यांनाही वारा हवा

टेंभी नाक्यावरच्या आमच्या घरात पहिल्या खेपेला १२ अंड्यांतून ३ पिल्लेच निघाली. थर्माकोलचा खोका, बल्ब, पाण्याची वाटी सगळे होते, पंखा नव्हता. बल्बखालची अंडी तापत, कोपऱ्यातली गार राहत. मेलेली पिल्ले पाहून मुले त्या दिवशी जेवली नाहीत.

दुसऱ्या खेपेला जुन्या संगणकातला १२ व्होल्टचा पंखा आत बसवला, झोत अंड्यांवर न सोडता बल्बकडे वळवला. थर्मोस्टॅट ३७.५ अंश सेल्सिअसवर ठेवला. कवचातले पिल्लूही श्वास घेते, म्हणून खोक्याला छिद्रे पाडली. अंडी दुकानातली नव्हे, कोंबडा असलेल्या कळपातली आणली.

आर्द्रता १८ दिवस ५० ते ५५ टक्के, मग ६५च्या वर. अंडी दिवसातून विषम वेळा फिरवावीत, म्हणजे रोज रात्री तीच बाजू खाली राहत नाही. आम्ही पाच नमाजांनंतर फिरवली. विसरायचा प्रश्नच नव्हता. १८व्या दिवशी फिरवणे थांबवले.

२१व्या दिवशी फजरच्या वेळी चिवचिव ऐकू आली. या वेळी ९ निघाली. मुलांना झाकण उघडायची घाई. पण अंगावरची पिसे सुकेपर्यंत अम्मींनी कोणाला हात लावू दिला नाही.